दर्या म्हणजे नदी

श्रोतेहो, नमस्कार.

मराठीत दर्या म्हटलं की समुद्र आठवतो. दर्यावर्दी, दर्यासारंग हे आपले शब्द खाऱ्या पाण्याचे. मध्य आशियात मात्र हाच फारसी शब्द नदीला लावतात. आमू दर्या म्हणजे आमू नदी, सिर दर्या म्हणजे सिर नदी. या दोन नद्या ज्या अरल समुद्राला, म्हणजे नावाला समुद्र असलेल्या एका मोठ्या सरोवराला मिळत होत्या, त्याचं काय झालं हे सांगायला मी आज तुमच्यासमोर आले आहे.

मी भूगोल शिकवायला लागले तेव्हा वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात हे देश वेगळे नव्हतेच. बाल्टिकपासून पॅसिफिकपर्यंत एकाच रंगाचा सोव्हिएत संघ पसरलेला असायचा, आणि त्याच्या दक्षिणेच्या कडेला अरलचा निळा ठिपका. १९९१ मध्ये तो रंग फुटला आणि या भागात पाच देश झाले : कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान. पाचही मिळून क्षेत्रफळ भारतापेक्षा जास्त, सुमारे ४० लाख चौरस किलोमीटर. आणि माणसं? आठ कोटींच्या आसपास. आपल्या एकट्या महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटी लोक होते.

एवढ्या मोठ्या मुलखात माणूस राहतो तो पाण्याच्या कडेनं. पश्चिमेला काराकुम आणि किझिलकुम, म्हणजे काळी वाळू आणि लाल वाळू, अशी दोन वाळवंटं. पूर्वेला पामीर आणि तिआन शान, सात हजार मीटरहून उंच शिखरांचे पर्वत. आपल्याला पाणी देतो तो पावसाळा. तिथे हिवाळ्यात डोंगरावर साठलेला बर्फ उन्हाळ्यात वितळतो, आणि नेमकं पिकाला हवं तेव्हा नद्यांना पाणी येतं. समरकंद, बुखारा, खिवा ही सगळी शहरं त्या वितळलेल्या बर्फावर उभी राहिली.

आता कापसाकडे येते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस युरोपला मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. शेअरांचा तो ज्वर आणि १८६५ चा कोसळता बाजार आपण शाळेत वाचलेला असतो. तीच टंचाई रशियाच्या गिरण्यांनाही भोवली. त्याच १८६५ साली रशियाच्या फौजेनं ताश्कंद घेतलं. साम्राज्य वाढवायची कारणं इतरही होती, पण कापसाची भूक त्यात होतीच. पुढे अमेरिकन बियाणं आलं, १८८८ मध्ये रेल्वे समरकंदला पोचली, आणि उझबेक, किर्गिझ आणि ताजिक मुलखांत पसरलेल्या फरगाना खोऱ्यातल्या धान्याच्या जागी हळूहळू कापूस आला. विदर्भातला शेतकरी ज्याला पांढरं सोनं म्हणतो, त्याला उझबेक शेतकरीही पांढरं सोनंच म्हणतो, ओक ओल्तिन. आपल्याकडे पऱ्हाट्या चुलीत जातात, तशा तिकडेही वाळलेल्या काड्या जळणाला लागतात.

झारनं सुरू केलेलं काम सोव्हिएत राजवटीनं टोकाला नेलं. वाळवंटात पाट काढले. १९५४ मध्ये काराकुम कालव्याचं काम सुरू झालं. हा कालवा तेराशे किलोमीटरहून लांब आहे, आणि त्याचा बराचसा भाग मातीचा, अस्तर न लावलेला. पाणी पिकापर्यंत पोचण्याआधीच वाळूत मुरायचं. तरी कापूस वाढला. सोव्हिएत संघाच्या कापसापैकी जवळपास दोन तृतीयांश एकट्या उझबेकिस्तानातून येऊ लागला. वेचणीच्या हंगामात शाळा-कॉलेजं बंद करून मुलांना शेतात पाठवत. ती सक्ती देश स्वतंत्र झाल्यावरही कित्येक वर्षं चालली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं ती व्यवस्था संपल्याचं सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. माझ्या वर्गातल्या मुलांच्या वयाची मुलं होती ती.

आणि अरल आटत गेला. १९६० मध्ये तो ६८ हजार चौरस किलोमीटरचा होता, आपल्या मराठवाड्याहूनही थोडा मोठा, जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर. समुद्र आटेल हे नियोजन करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ज्या पाण्याची नुसती वाफ होते त्यापेक्षा कापूस मोलाचा, असा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबात मुईनाक नव्हतं. मुईनाक हे उझबेकिस्तानातल्या काराकल्पाक प्रदेशातलं मासेमारीचं बंदर. तिथे मासे डबाबंद करायचा मोठा कारखाना होता. पाणी मागे सरकलं तेव्हा आधी बोटींसाठी चर खणले, मग तेही कोरडे पडले. कामगार बेकार होऊ नयेत म्हणून दूरच्या समुद्रांतले मासे रेल्वेनं आणून तिथे डब्यात भरले. शेवटी कारखाना थांबला. आज गंजलेल्या बोटी वाळूत उभ्या आहेत आणि पाणी शंभर किलोमीटरहून लांब आहे. उघड्या पडलेल्या तळाचं मीठ आणि त्यात मिसळलेली कापसावरची औषधं वाऱ्याबरोबर उडतात, आणि माणसांच्या छातीत जातात. आपल्याकडे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आवर्तनाचं पाणी पोचत नाही, तेव्हा त्याचं पीक जातं. तिथे नदीच्या टेलला असलेला समुद्रच गेला.

पाण्याचं भांडण तिथेही आहेच, आणि ते समजायला आपल्याला फार कष्ट पडू नयेत. वरच्या बाजूला किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान. त्यांच्याकडे पाणी आहे, पण तेल-वायू जवळजवळ नाहीच. खाली उझबेकिस्तान, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान. त्यांच्याकडे वायू, तेल, कोळसा आहे, पाणी बाहेरून येतं. मॉस्कोची व्यवस्था अशी होती : वरच्यांनी उन्हाळ्यात पाणी सोडायचं, खालच्यांनी हिवाळ्यात इंधन द्यायचं. १९९१ नंतर इंधनाला बाजारभाव लागला. किर्गिझस्ताननं मग तोक्तोगुल धरणाचं पाणी थंडीत वीज करायला सोडायला सुरुवात केली. आपल्या कोयनेसारखी सहा धरणं ज्यात मावतील, असं हे धरण. थंडीत खालच्या शेतांना पाणी नको असतं, उलट पूर येतो. आणि उन्हाळ्यात हवं तेव्हा धरणात साठा कमी. हे फक्त वाईटपणातून झालं असं मला वाटत नाही. किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, जानेवारीत घर गरम ठेवणं ही चैन नव्हे.

फरगाना खोऱ्यात तर सीमाच पाटांवरून आणि गल्ल्यांमधून जातात. एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाचा तुकडा, असं तिथे पाहायला मिळतं. २०२१ मध्ये किर्गिझ आणि ताजिक सैनिक लढले, त्याची सुरुवात एका पाणी घेण्याच्या ठिकाणावरून झाली होती. मार्च २०२५ मध्ये दोघांनी सीमाकरारावर सह्या केल्या.

खनिजांचं थोडक्यात सांगते. जगातल्या युरेनियमपैकी सुमारे ४० टक्के कझाकस्तान काढतं. तुर्कमेनिस्तान वायूवर जगतं. ताजिक घरं रशियात मजुरीला गेलेल्या मुलांच्या पैशावर चालतात. आणि बैकोनूर, जिथून १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा अवकाशात गेले, ते सिर दर्याच्याच काठावर आहे.

पण तिथल्या माणसांची ओळख करून घ्यायची तर चहाच्या किटलीपाशी बसावं. उझबेक घरातल्या निळ्या-पांढऱ्या किटलीवर फुटलेल्या बोंडाची नक्षी असते. ज्या पिकानं नदी प्यायली, तेच पीक किटलीवर, आणि लोक ती जपून वापरतात, कारण आजी-आजोबांचे कष्टही त्यातच आहेत. चहा पहिल्यांदा पेल्यात ओतून पुन्हा किटलीत घालतात, असं तीनदा करून मग पाहुण्याला देतात. रोटी उपडी ठेवत नाहीत. बाजार, दुकान, हवा, मैदान हे शब्द त्यांच्या तोंडी ऐकले की क्षणभर आपण परके नाही असं वाटतं. एका शतकात त्यांची लिपी अरबीतून रोमन, रोमनमधून रशियन, पुन्हा रोमन अशी बदलली. आजोबांनी लिहिलेली पत्रं नातवाला वाचता येत नाहीत, हे दुःख मला समुद्राएवढंच मोठं वाटतं.

अरलची उत्तर बाजू मात्र थोडी वाचली. कझाकस्ताननं २००५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं कोक-अरल बांध पुरा केला. सिर दर्याचं पाणी दक्षिणेच्या वाळवंटात न जाता उत्तरेच्या छोट्या भागात अडलं. तज्ज्ञांच्या अंदाजापेक्षा लवकर पातळी चढली, खारटपणा उतरला. गोड्या पाण्यातले मासे नदीतून पुन्हा आत आले, आणि ज्या गावांनी जाळी गुंडाळून ठेवली होती त्यांनी ती सोडवली.

दक्षिणेकडच्या आमू दर्यावर आता अफगाणिस्तान २८५ किलोमीटरचा कोश तेपा कालवा खणतो आहे. २०२२ पासून काम चालू आहे. पाच देशांच्या पाणीवाटपात अफगाणिस्तानला कधी कुणी बोलावलंच नव्हतं, आणि भुकेल्या शेतकऱ्यांसाठी नदीचं पाणी त्यालाही हवं आहे. तो कालवाही वाळूतून जातो, आणि त्याचाही बराचसा भाग मातीचाच आहे.