हाताशी असलेलं औषध

आजार आता बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. हातात उरलेत काही महिने. त्यांचा शेवट कधी आणि कसा व्हावा, हे रुग्णाला ठरवू द्यावं का?

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून तशी मुभा आहे. रुग्ण सज्ञान हवा, भानावर हवा आणि त्याच्याकडे सहा महिन्यांहून जास्त वेळ नाही, यावर दोन डॉक्टरांचं एकमत हवं. विनंती दोनदा तोंडी, एकदा साक्षीदारांसमोर लेखी. मग डॉक्टर आयुष्य संपवणारं औषध लिहून देतात. घ्यायचं मात्र रुग्णाने स्वतः. नेदरलँड्समध्ये २००२ च्या कायद्याने डॉक्टर इंजेक्शनही देऊ शकतात, आणि तिथे सहा महिन्यांची अट नाही.

ओरेगॉनच्या वार्षिक अहवालांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. औषध लिहून मिळालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्ण ते कधी घेतच नाहीत. ते हाताशी आहे, एवढाच त्यांतल्या कित्येकांना धीर असावा. विनंतीमागच्या कारणांतही वेदना सर्वांत वर नाही. वर आहे आपलं आपल्याला काही करता न येणं. रात्री कूस बदलायची तरी कुणाला तरी हाक मारायची, आणि ती मारताना संकोचायचं. हे दुखणं गोळीने जात नाही.

सिसिली सॉन्डर्स यांनी ते ओळखलं होतं. आधी नर्स, मग डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. दुखू लागायची वाट न पाहता ठरल्या वेळी मॉर्फीन द्यायचं, आणि शरीराइतकंच मनाचं, नात्यांचं दुखणंही ऐकून घ्यायचं, ही त्यांची रीत. इच्छामरणाला त्यांचा विरोध होता.

एकदा मुभा दिली की अटी सैल होत जातात, ही विरोधकांची भीती आहे, आणि मला ती खरी वाटते. कॅनडात २०१६ च्या कायद्यात मृत्यू दृष्टिपथात असण्याची अट होती. २०२१ मध्ये ती गेली. आधार द्यायचा सोडून आम्हाला मरणाची वाट दाखवताय का, असं तिथल्या अपंगांच्या संघटनांनी विचारलं.

म्हणून कायदा मरणासन्न रुग्णापुरताच असावा. विनंती आली की आधी विचारावं: वेदना आटोक्यात आहे का? रात्री सोबतीला कोण असतं? घरच्यांवर भार नको म्हणून तर हे मागत नाही ना? जे कमी असेल ते आधी पुरवावं. त्यानंतरही रुग्ण ठाम राहिला, तर त्याला कोणत्या हक्काने अडवायचं, याचं उत्तर मात्र विरोधकांनी द्यायला हवं.