परत आलं कोण?

जय भीम. विषय अध्यक्षांनी सांगितलाच आहे: पुनर्जन्म न मानता धम्माचं आचरण करता येतं का? चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली पंधरा सत्कारात गेली. शाल मात्र उबदार आहे. (हशा)

औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले किती जण आहात? हात वर करा. म्हणजे कॉलेजचं निम्मं आवार, नागसेनवनच, इथे बसलंय! 'मिलिंदप्रश्न' ग्रंथात मिलिंद या ग्रीक राजाने नागसेन या बौद्ध भिक्खूंना काय विचारलं ते किती जणांनी वाचलंय, हे मात्र विचारत नाही. आपली मैत्री राहू दे.

आधी घरातली गोष्ट. माझी आजी छप्पन्न सालची. जन्माने नव्हे, दीक्षेने. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती नागपुरात होती, कडेवर माझे वडील. ती गेली तेव्हा त्रिशरण-पंचशील, जलदान विधी, सगळं रीतसर झालं. तीन आठवड्यांनी भावाला मुलगी झाली. डाव्या भुवईवर तीळ. आजीलाही तिथेच होता. झालं! आत्याने बाळ उचललं, काजळ तर नाही ना म्हणून तीळ बोटाने पुसून पाहिला आणि गळाच काढला, "माय आली रे माझी!" शेजारच्या काकू वाटीत साखर घेऊन हजर. आमचे काका म्हणजे दीक्षेच्या चालत्याबोलत्या बावीस प्रतिज्ञा. ते ओट्यावरून ओरडले, "श्राद्ध नाही, पिंडदान नाही अशी शपथ घेतलेलं घर आहे हे! कोण आलं परत?" आत्या म्हणाली, "पिंड कुठे दिलाय मी? बाळगुटी देतेय. आणि त्याच प्रतिज्ञांत 'आज माझा नवा जन्म होत आहे' असं म्हणतोस ना? तो चालतो, मग हा का नाही?" (हशा) काका तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पाळण्यावर वाकून तीळ बघताना सापडले. चष्मा लावून.

खुद्द आजीला मात्र 'पुनर्जन्म' हा शब्द खपायचा नाही. मागल्या जन्मी पाप केलंस म्हणून वेशीबाहेर जन्मलीस, असं तिला लहानपणी ऐकवलेलं. विहिरीवर ओंजळ धरून उभं राहायचं, कोणी वरून ओतलं तर पाणी. ती विचारायची, "मी पाप केलं, कबूल. पण विहिरीनं असं काय पुण्य केलं की ती त्यांच्याच वाट्याला आली?" म्हणून आपल्याकडे पुनर्जन्म हा तत्त्वज्ञानाच्या तासाला सोडवायचा प्रश्न नाही. त्या शब्दाने आपलं पाणी अडवलंय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पळतो.

बाबासाहेबांनी पुनर्जन्म साफ काढून टाकला, असं आपणच सांगत फिरतो. १९५७ ला, त्यांच्या पश्चात आलेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडून बघा. बुद्ध पुनर्जन्म मानत होते, असंच तिथे आहे. पण बाबासाहेब पुढे विचारतात: कशाचा, आणि कोणाचा? पृथ्वी, आप, तेज, वायू आपापल्या साठ्यात मिळतात आणि त्यातून नवं घडतं. तोच आत्मा नवा सदरा घालून येतो, हे नाही. आजचं दारिद्र्य मागल्या जन्माच्या खात्यावर टाकणं तर त्यांनी धुडकावलंच.

दुसरी बाजू लपवत नाही. 'परलोक नाही' या मताला पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, मिथ्यादृष्टी, चुकीचं मतच म्हटलंय. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात गोएंका गुरुजींच्या प्रवचनांतही मागल्या जन्मांचे संस्कार येतात. पण त्याच शिबिरात पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा असतो, आणि श्वासाला कितव्या जन्माचा आहेस असं कोणी विचारत नाही.

माझा आधार बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालाम लोकांना दिलेल्या दिलाशांचा. मन निर्वैर असेल, तर परलोक असल्यास तिथे बरंच होईल. नसला तरी इथे, याच जन्मी, सुखाने राहाल. बुद्ध स्वतः दोन्ही दारं उघडी ठेवतात, मग आपण कडी का लावायची? पंचशील पाळायला आत्याला एक कारण पुरतं, काकांना दुसरं.

आणि नागसेनांचा दिवा. रात्रभर जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? तीच नाही, आणि वेगळीही नाही. पुतणी आता शाळेत जाते. विहिरीचं ते वाक्य अगदी आजीच्या ठसक्यात म्हणते. आत्याने शिकवलंय. एवढ्या परत येण्याला काकांचीही हरकत नाही.

हो, अध्यक्ष, बसतो. राहिलेले नागसेन चहाच्या वेळी.