मनिलाचा शब्द, दिल्लीचं मत

(दृश्य: गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका मराठी शाळेचं मैदान. शनिवारची सकाळ.)

तीन बांबू, सुंभाची एक गुंडाळी आणि सात मुलं. तिकाटणं बांधायचं चाललंय. दोनदा उभं राहिलं आणि दोनदा पाय फाकवून खाली बसलं. पाऊस नुकताच सरलाय, सुंभात अजून ओल आहे.

“सर, सुंभ ओला आहे, सरकतोय,” संघनायक म्हणतो.

“मग आणखी दोन वेढे घे. आणि आवळताना बांबूवर पाय ठेव.”

(दृश्य: मुलाच्या खिशावरची चिन्हं, अगदी जवळून.)

त्याच्या गणवेशावर दोन चिन्हं आहेत. एकात स्काऊटचं त्रिदल फूल, त्यावर गाईडचं तीन पानांचं चिन्ह आणि मधोमध अशोकचक्र. हे भारत स्काऊट्स आणि गाईड्सचं. दुसरं जांभळ्या रंगाचं. त्यावर पांढरं फूल, भोवती दोरीचं कडं आणि दोरीच्या दोन टोकांना खाली मारलेली रीफ नॉट. हे जगाचं, म्हणजे जागतिक स्काऊट संघटनेचं. पावणेदोनशेच्या आसपास देशांच्या संघटना आणि पाच कोटींहून अधिक सदस्य या चिन्हाखाली येतात.

दिल्ली आणि जग यांच्यामध्ये आणखी एक ठाणं आहे, फिलिपाइन्समधल्या मनिलाचं. म्हणजे जागतिक संघटनेच्या आशिया-पॅसिफिक विभागाचं कार्यालय. त्याचं चिन्ह या खिशावर नाही. ते का नाही, हे समजून घेतलं की ही अख्खी चळवळ कशी चालते ते कळतं.

आधी आपल्याकडची शिडी पाहू. शाळेतलं पथक, त्यावर स्थानिक संस्था, मग जिल्हा, मग गोवा राज्य शाखा आणि सगळ्यात वर दिल्लीचं राष्ट्रीय मुख्यालय. मुलगा प्रवेश घेतो, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान पार करतो, राज्य पुरस्काराला बसतो आणि चिकाटी असेल तर राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जातो. या शिडीत वरची पायरी खालच्या पायरीला सांगू शकते. नियम दिल्लीत ठरतात, राज्य शाखा ते राबवते.

आपल्याला वाटतं, दिल्लीच्या वरही हीच शिडी चालू राहत असेल. गोव्याच्या वर दिल्ली, दिल्लीच्या वर मनिला, मनिलाच्या वर जागतिक कार्यालय. स्काऊटिंगमध्ये वर्षानुवर्षं असलेली माणसंही हाच क्रम सांगतात. पण हा क्रम खरा नाही. दिल्लीचं नातं थेट जागतिक संघटनेशी आहे. मनिला त्या वाटेवरचं नाकं नाही. ते बाजूला उभं आहे, हात द्यायला.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. १९२० सालची लंडनची पहिली जांबोरी.)

हे असं का झालं, याचं उत्तर इतिहासात आहे. १९२० साली लंडनला पहिली जागतिक जांबोरी, म्हणजे स्काऊटांचा मोठा मेळावा, भरली आणि तिच्याच जोडीने पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. कायमचं कार्यालय आलं, तेही लंडनला. म्हणजे आधी देश आले आणि मग जागतिक संघटना आली. विभाग तेव्हा नव्हतेच.

विभाग नंतर गरजेतून उगवले. लंडनला पत्र पाठवायचं आणि उत्तराची वाट बघत बसायचं, हे लॅटिन अमेरिकेतल्या देशांना परवडत नव्हतं. १९४६ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात त्यांनी आपली पहिली आंतर-अमेरिकी परिषद घेतली. आपल्या बाजूला १९५६ साली मनिलामध्ये अतिपूर्वेचं कार्यालय उघडलं. आजचा आशिया-पॅसिफिक विभाग म्हणजे त्याचंच वाढलेलं रूप. जागतिक कार्यालय मात्र हलत राहिलं. लंडनहून ओटावा, तिथून १९६८ मध्ये जिनिव्हा आणि गेल्या दशकात क्वालालंपूर.

गोव्याच्या माणसाने या तारखांपुढे जरा थांबावं. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारतातल्या वेगवेगळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी मुलींची गाईड संघटना तिच्यात आली. १९५९ साली तर जागतिक परिषदच नवी दिल्लीत भरली. आणि तेव्हा पणजीवर पोर्तुगालचा झेंडा होता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, म्हणजे देशाची संघटना उभी राहून अकरा वर्षं उलटल्यावर. आपण या घरात उशिरा आलो. घराचे नियम आपल्याला तयार मिळाले, ते ठरताना आपण तिथे नव्हतो. त्यामुळेच ते मुद्दाम समजून घ्यायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: जगाचा नकाशा. विभागांच्या सीमारेषा उमटतात.)

सर्वोच्च अधिकार जागतिक स्काऊट परिषदेचा. ती तीन वर्षांतून एकदा भरते. मतं देशाला मिळतात, विभागाला नाही. प्रत्येक देशाला सहा. इंडोनेशियात दोन कोटींवर स्काऊट्स आहेत, त्यांना सहा. मालदीवला सहा, भूतानला सहा, भारताला सहा. एका देशात दोन-तीन संघटना असतील तर त्यांनी मिळून तीच सहा मतं वाटून घ्यायची.

पहिल्यांदा ऐकताना हे खटकतं. पण गोव्याला ते परकं वाटू नये. आपल्या जुन्या गांवकारीत, म्हणजे गावाच्या सामाईक कारभारात, वांगड (गावकऱ्यांचं कूळ) मोठा असो की दोन घरांचा, निर्णयाच्या वेळी त्याचा आवाज एकच धरला जाई. माणसं मोजली असती तर एकाच वांगडाने गाव चालवला असता. इथेही डोकी मोजली तर आशिया-पॅसिफिक विभाग एकटाच जगाच्या निम्म्याहून मोठा भरतो. मग बाकीच्यांनी परिषदेला यायचं तरी कशाला? लहानांची किंमत राखणारी ही सहा मतांची पद्धत मला बरोबर वाटते. लहान राज्यातून बोलतोय म्हणून ती जास्तच पटते.

परिषद बारा जणांची जागतिक समिती निवडते. एका देशातून दोघे नाहीत. परिषदेच्या दोन बैठकांच्या मधल्या काळात कारभार ही समिती बघते. आणि इथेच विभागाची खरी जागा दिसते. प्रत्येक विभागाच्या समितीचा अध्यक्ष या टेबलावर बसतो, बोलतो, आपल्या भागातली परिस्थिती मांडतो. मत मात्र देऊ शकत नाही.

म्हणजे अपमान झाला का? मी बराच विचार केला आणि माझं उत्तर नाही असं आहे. निवडून आलेल्या बारा जणांकडून अपेक्षा ही, की त्यांनी आपला देश, आपला खंड बाजूला ठेवून सगळ्या जगाचं बघावं. विभागाच्या अध्यक्षाचं काम नेमकं उलटं. त्याने आपल्या भागाचंच बोलायचं, आणि जोर लावून बोलायचं. दोन्ही कामं एकाच मतात कोंबली, तर प्रत्येक ठरावावर खंडांची ओढाताण सुरू होईल. शब्द विभागाचा आणि मत देशाचं, ही विभागणी शहाणपणाची आहे. अट एकच, की शब्द मत पडायच्या आधी ऐकला गेला पाहिजे.

विभागाचीही स्वतःची परिषद असते, तीही तीन वर्षांनी. तिथे देश जमतात आणि विभागीय समिती निवडतात. विभागाला स्वतःची घटना असते, पण जागतिक समितीच्या मंजुरीशिवाय ती चालत नाही. मनिलाच्या कार्यालयातल्या विभागीय संचालकाची स्थिती तर फारच नाजूक. त्याची नेमणूक होते जागतिक कार्यालयाच्या महासचिवाकडून आणि तो रोज काम करतो निवडून आलेल्या विभागीय समितीबरोबर. समितीला एक हवं आणि क्वालालंपूरला दुसरं हवं, असं झालं की मधे तो. या पदावरच्या माणसाचं अर्धं कौशल्य दोघांनाही वेळेवर खरं सांगण्यात असतं.

विभागाला काय करता येत नाही? नव्या देशाला सदस्यत्व देता येत नाही. देशाच्या वचनाचा आणि नियमांचा मजकूर बदलायचा तर मंजुरी जागतिक संघटनेची लागते, विभागाची नाही. कांस्य लांडगा हा चळवळीचा सर्वोच्च सन्मान. तोही फक्त जागतिक समितीच देते. आणि करता काय येतं? प्रशिक्षकांना शिकवता येतं, दोन देशांची गाठ घालून देता येते, विभागाची जांबोरी भरवता येते, एखाद्या देशाची संघटना भांडणात किंवा कर्जात अडकली तर माणूस पाठवता येतो. हुकूम देता येत नाही.

(दृश्य: दक्षिण कोरिया, सेमांगम. उजाड सपाट जमिनीवर तंबूंच्या रांगा.)

हुकूम देता येत नाही, याचा अर्थ ऑगस्ट २०२३ मध्ये इथल्या जागतिक जांबोरीत दिसला. समुद्र हटवून केलेली जमीन, सावलीला झाड नाही, अंगाची लाही करणारी उष्णता आणि सुमारे ४३ हजार मुलं-मुली. अनेक मुलं उन्हाने आजारी पडली. ब्रिटन आणि अमेरिकेच्या तुकड्या मुदतीआधीच छावणी सोडून गेल्या. मग वादळ येऊ लागलं आणि उरलेल्या सगळ्यांना हलवावं लागलं. त्या दिवसांत जगभरातल्या आईबापांना एकच गोष्ट हवी होती, जबाबदार कोण ते कळायला हवं होतं.

कोरिया आशिया-पॅसिफिक विभागात येतो. पण यजमानपद विभागाने दिलं नव्हतं. २०१७ मध्ये बाकूच्या जागतिक परिषदेत पोलंडला मागे टाकून कोरियाने ते मिळवलं होतं. मैदान यजमान देशाचं, जांबोरी जागतिक संघटनेची. जवळचा शेजारी विभाग, पण लगाम त्याच्या हातात नाही. इथे मात्र मला ही रचना अपुरी वाटते. पावसाळी वारं, दमट उकाडा, टायफून, हे दूरच्या माणसापेक्षा मनिलाच्या माणसाला जास्त कळतं. मत नसू दे, पण मुलांच्या जिवाचा प्रश्न असेल तिथे जागेच्या निवडीआधी विभागाचा लेखी अभिप्राय सक्तीचा असावा.

मुलींच्या गाईड चळवळीचं घर वेगळं आहे. १९२८ साली हंगेरीत स्थापन झालेल्या त्यांच्या जागतिक संघटनेचे विभागही वेगळे आखलेले. आपली राष्ट्रीय संघटना दोन्हीकडे सदस्य आहे. त्या संघटनेने विभागांखेरीज आणखी एक सुंदर गोष्ट केली, जागतिक केंद्रं उभारली. त्यातलं एक आपल्या शेजारी आहे, पुण्यात येरवड्याजवळ आळंदी रस्त्यावर. नाव संगम. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी बेडन-पॉवेल यांच्या हस्ते ते उघडलं. तिथे कुठलीही समिती कुणाला हुकूम देत नाही. मुली येतात, राहतात, एकत्र काम करतात. गोव्यातल्या गाईडला जागतिक चळवळ डोळ्यांनी बघायची असेल तर लंडन कशाला, मडगावहून गाडी पकडली की झालं.

(दृश्य: पुन्हा गोवा. राज्य प्रशिक्षण शिबिरात बसलेले शिक्षक.)

आता आपलं काम काय? जागतिक स्काऊट संघटनेच्या अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. ठराव, मार्गदर्शिका, मुलांच्या सुरक्षेची नियमावली, सगळं त्या भाषांत तयार होतं. डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या मराठी शाळेत पथक चालवणाऱ्या शिक्षकाने ते कधी वाचायचं? तो दिवसभर गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात गाठी. विभागाच्या कार्यशाळेला देशातून मोजकी माणसं जातात. त्यांनी आणलेलं ज्ञान राज्याच्या पायरीवर अडकलं, तर मनिलाने कितीही हात पुढे केला तरी तो सत्तरी तालुक्यापर्यंत पोचत नाही.

भारताची सहा मतं दिल्लीतून पडतात. पण दिल्लीची भूमिका राष्ट्रीय परिषदेत घडते आणि त्या परिषदेत राज्यांची माणसं बसतात. गोव्याचा आवाज तिथून जातो, दुसरी वाट नाही. मागची जागतिक परिषद ऑगस्ट २०२४ मध्ये कैरोला झाली, म्हणजे पुढची २०२७ मध्ये. तोवर राज्य शाखेने दोन कामं हातात घ्यावीत. कैरोचे ठराव मराठीत आणि कोकणीत करून प्रत्येक पथकाला द्यावेत. आणि विभागाच्या प्रशिक्षणाला जो जाईल, त्याने परत आल्यावर सगळ्या जिल्ह्यांतल्या शिक्षकांसमोर एक दिवस बसावं, त्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत आणि ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत दिल्लीला पाठवावेत.