नवरीचं माप
(लघुमाहितीपटाचं निवेदन. कंसातल्या सूचना संकलनासाठी.)

(अगदी जवळून: बटर पेपर आणि त्यावर चालणारी सुई.)

कागदावर मोर काढलाय. पेन्सिलीच्या रेघेवरून सुई टोचत चालली आहे, भोकाशेजारी भोक. मान झाली, तुरा झाला. पिसाऱ्याला वेळ लागेल, तोवर आपण कुठे आहोत ते बघून घेऊ.

(गल्ली, पाटी, आतली खोली.)

सोलापूर, साखर पेठेतली एक गल्ली. रस्त्याला लागून एक खोली, तिच्यावर लाकडी माळा. खाली शिलाई मशीन, माळ्यावर आरीच्या भरतकामाच्या फ्रेमा. पाटीवर 'लेडीज टेलर्स' जुन्या रंगात आहे, 'ब्रायडल' नंतर घातलेलं दिसतं. दुकान चालवणाऱ्या बाईंना गल्ली अक्का म्हणते, गिऱ्हाईक अक्का म्हणतं, वीजबिल घेऊन येणारा पोरगाही अक्काच म्हणतो. आपणही तेच म्हणू.

(पुन्हा मोर.)

कागद टोचून झाला. आता तो कापडावर ठेवून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली जातात. वजनं म्हणजे इथे एक कात्री, एक इस्त्री, दोन बॉबिनचे डबे. पंखा बंद केला जातो. रॉकेलमध्ये कालवलेली झिंक पावडर कापसाच्या बोळ्याने कागदावरून फिरवायची. दाब सगळीकडे सारखा हवा. कमी पडला तर ठिपके उमटत नाहीत, जास्त झाला तर पसरतात. रॉकेल थोड्या वेळात उडून जातं, ठिपके राहतात. कापड फिकं असेल तर पांढऱ्या पावडरीऐवजी नीळ.

(बोळा फिरतो. कागद उचलला जातो. तो पूर्ण उचलून होईपर्यंत निवेदन नको.)

ज्यावर हा मोर यायचा तो नवरीचा ब्लाउज अजून कापलेला नाही, हे लक्षात घ्या. पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, सगळं एका सलग कापडावर आखलंय. आधी कापून मग नक्षी केली तर कापडाच्या कडा सुटतात, ताण एकसारखा बसत नाही, मोर वाकडा होतो. म्हणून आधी भरतकाम आणि शेवटी कात्री. नवरीचं माप भरतकामाच्या आधी घ्यावं लागतं, ते यामुळेच. लग्नाला आठ दिवस राहिले असताना "एवढं वर्क करून द्या" म्हणत येणाऱ्यांना हे कोण सांगणार? अक्का सांगते. रोज सांगते.

(माळा. लाकडी फ्रेम, तीन मुली.)

कापड फ्रेमवर ताणून बांधलं की त्यावर टिचकी मारून बघतात. आवाज आला पाहिजे. मग आरीची सुई. टोकाला बारीक आकडा असलेली. एक हात वर सुई धरतो, दुसरा हात कापडाखाली दोरा पुरवतो, आणि तो खालचा हात कुणालाच दिसत नाही. सुई खाली जाते, दोरा पकडते, फासा वर आणते. पुढचा फासा या फाशातून. साखळी तयार होत जाते. मणी, कटदाणा, टिकली हे सगळं ओवत ओवतच बसवायचं. ओळीच्या शेवटी गाठ नीट बसली नाही तर एका ओढीत अख्खी ओळ उसवते. मुलींना पहिले काही महिने दुसरं काही देत नाहीत, सरळ रेघ आणि शेवटची गाठ.

(सुईचा आवाज. इथे थांबा. खालून घेतलेला शॉट आहे, फ्रेमखालचा हात, तो पूर्ण वापरा.)

तेलुगू गिऱ्हाईक याला मग्गम वर्क म्हणतं. मराठी गिऱ्हाईक आरी वर्क म्हणतं. मुस्लिम गिऱ्हाइकाला त्यात जरदोसी, म्हणजे धातूच्या तारेची नक्षी, हवी असते, शरारा असेल तर दुपट्ट्याच्या काठालाही. माळ्यावर बसलेल्या मुलींना हे सगळं येतं. यातल्या एकीची आई घरी विड्या वळते. तेंदूची पानं आणि तंबाखू घरी आणायचा, मोजून विड्या परत द्यायच्या. सोलापूरच्या पूर्व भागात हे घरोघर. मुलीने सुई धरली.

(मशीनवरून शहरावर: गल्लीतला यंत्रमागाचा आवाज, चादरींचे गठ्ठे.)

शेजारच्या घरातून येतो तो आवाज यंत्रमागाचा. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली, तीच पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. गिरण्यांच्या आगेमागे तेलंगणातून पद्मशाली विणकर इथे आले, हातमागावर बसले, मग यंत्रमागावर. चादर झाली, टॉवेल झाले. देशात भौगोलिक मानांकन द्यायला सुरुवात झाली तेव्हा पहिल्या काही नावांत सोलापुरी चादर होती. गिरण्या बंद पडल्या, माग घराघरांत उरले. आता गणवेश शिवून बाहेर पाठवणारं शहर म्हणूनही सोलापूरचं नाव आहे.

एवढं कापड असलेल्या या गावात नवरीचं कापड मात्र बाहेरून येतं. शालू बनारसचा, पैठणी येवल्याची, तेलुगू घरात कांचीपुरमचं रेशीम, अक्कलकोटकडच्या घरात इलकल. बाहेरून आलेलं हे रेशीम नवरीच्या अंगावर बसवणं, हे काम गावाचं. आणि या दुकानात ते कापायला ठेवतात कशावर, बघा.

(अक्का जमिनीवर सोलापुरी चादर अंथरते, त्यावर कांचीपुरमचं कापड. बोलू नका.)

(दार. नवरी, तिची आई, मावशी.)

सकाळी अकरा. पाणी यायचा दिवस असला तर मुली उशिरा येतात, गिऱ्हाईकही उशिरा येतं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे याचं कारण कुणाला विचारावं लागत नाही. आज पाण्याचा दिवस नाही, त्यामुळे माप लवकर सुरू झालंय.

अक्का टेप फिरवते आणि आकडे तेलुगूत सांगते. "मुप्पै नालुगु." वहीत लिहिणारी मुलगी मराठीत ३४ लिहिते. समोर उभी असलेली नवरी कन्नड बोलणाऱ्या घरातली आहे, तिला दोन्ही कळतं. छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाहीची लांबी, दंडाचा घेर. मुंढ्याचं, म्हणजे काखेभोवतीच्या घेराचं, माप अक्का दोनदा घेते. का, ते पुढे ट्रायलला दिसेल.

मग गळ्याचा विषय निघतो.

(हा भाग मूळ आवाजात:
"गळा लई खाली नको ओ अक्का, मोठी माणसं असत्यात."
"पुढनं नाही घेत. पाठीमागनं घेऊ की."
"पाठीमागनं पण नको."
नवरी आरशातून मावशीकडे बघते. मावशी: "असू दे की गं, आता नाही तर कवा?")

गळा किती ठरला ते वहीत आहे. आईला नंतर कळेल.

(कात्री. जवळून.)

भरतकाम होऊन कापड खाली आलं. आता कापायचं. बाजूच्या शिलाईला अक्का दीड-दीड इंच माया सोडते, म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. नेहमीच्या ब्लाउजला एवढी सोडत नाहीत. पण नवरीचं वजन माप देताना एक असतं आणि हळदीला दुसरं. कुणी डाएट करतं, कुणाला केळवणं बाधतात. शिवाय हा ब्लाउज बारशाला पुन्हा घालायचा असतो, तेव्हा हीच माया उसवून घेर वाढवायचा.

(पक्कड. मणी फुटण्याचा आवाज.)

हे बघा. इतके तास घालून बसवलेले मणी अक्का पक्कडीने फोडते आहे. शिलाईची रेघ जिथून जाणार, तिथला एकही मणी ठेवता येत नाही. मशीनची सुई मण्यावर पडली की मोडते, आणि मोडलेलं टोक रेशमात अडकलं तर धागा ओढला जातो. म्हणून रेघेवरचे मणी एकेक फोडायचे, दोऱ्याला धक्का न लावता. रेडिमेड ब्लाउज उलटा करून बघा, तिथे या कामाला वेळ दिलेला नसतो.

मग अस्तर, टक्स, कटोरी, गळ्याला उरेब पट्टी. उरेब म्हणजे कापडाच्या तिरक्या धाग्यात कापलेली पट्टी. सरळ कापलेली पट्टी गोल गळ्यावर वळतच नाही, चुण्या पडतात. मशीनवर बसलेले मास्टर आधी गणवेश शिवायचे, तिथे सगळ्या मुलांचा गळा एकच. इथे प्रत्येक गळा वेगळा. काम कुठलं आवडतं असं विचारल्यावर ते नुसते हसले, तो शॉट ठेवलाय.

(मास्टर. हसू.)

(नऊवारी: लांब साडी, जमिनीभर.)

पैठणीची नऊवारी शिवायची म्हटलं की घरात दोन तट पडतात. सव्वाआठ मीटर साडी, तिला कात्री लावायची, काष्टा आणि निऱ्या कायमच्या बसवायच्या. नेसवणारी आजी ज्या घरात आहे तिथे कात्रीला परवानगी मिळत नाही. नसेल तिथे मिळते, कारण लग्नाच्या दिवशी पहाटे नेसवायला माणूस कुठून आणायचं? अक्काचा उपाय असा: पदराला हात लावायचा नाही. कंबरेखालचा भाग शिवायचा, पदर अखंड ठेवायचा. आजी त्यावरही नाराज असते, पण बोलत नाही.

मामाकडून येणारी पिवळी साडीही इथेच फॉल लावायला येते. तिला भरतकाम नाही, नक्षी नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी मागितली जाणारी.

(ट्रायल. पडद्यामागून नवरी बाहेर.)

आता मुंढा. अक्का सांगते, "हात वर कर. अजून वर. नवरा उंच आहे ना? हार घाल बघू." नवरी हवेत हार घालते. काखेत कापड ओढलं गेलं तर मुंढा पुन्हा उसवायचा. तेलुगू लग्नात नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात, आणि हात तिथेच धरून ठेवावा लागतो. पुढे तांदळाच्या अक्षता एकमेकांच्या डोक्यावर ओतायच्या, त्यात दोघांची चढाओढ असते. बाही घट्ट असलेली नवरी हरते. फोटोत सुंदर दिसणारी बाही आणि हात वर जाणारी बाही यांत अक्का दुसरी निवडते, विचारतही नाही.

(नवरी हात वर करते. आईचा चेहरा. इथे काही म्हणायचं नाही.)

(कॅलेंडर, पंचांग, मग पांढऱ्या कापडाचा ढीग.)

कार्तिकात तुळशीची लग्नं लागली की वही भरायला लागते आणि आषाढी एकादशीपर्यंत रिकामी होत नाही. मे महिना वाईट. पारा बेचाळीसच्या वर, हातात रेशीम, आणि घामाचा थेंब पडला तर डाग. प्रत्येकीच्या मांडीवर टॉवेल असतो. चातुर्मासात फॉल-पिको, नवरात्रातले घागरे.

मध्ये पौष येतो. पौषात बऱ्याच घरांत लग्न करत नाहीत, पण या गावात तेव्हाच सगळ्यात मोठं लग्न असतं. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते. सात नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक निघते, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. सिद्धरामांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, आणि सगळं गाव वऱ्हाड होऊन येतं. वऱ्हाडाचा पोशाख पांढरी बाराबंदी. हुक नाही, बटण नाही, नुसते बंद. ब्रायडल दुकानात जानेवारीत हा पांढरा ढीग का आहे, ते आता कळलं असेल. बंद उलटवायला मोठी सुई लागते, ते काम मुली गप्पा मारत करतात. बाराबंदीची शिलाई अक्का कमी घेते. तिथे घासाघीस करायला कुणी येतच नाही, हा त्यातला गमतीचा भाग.

घासाघीस नवरीच्या ब्लाउजला. वीस हजारांच्या शालूची पावती पिशवीत तशीच असते. दुकानात एसी होता, चहा मिळाला होता, भाव छापील होता. तिथे कुणी शब्द काढत नाही. इथे येऊन "शिलाईच तर आहे, शंभर कमी कर".

डोळे लवकर अधू होतात, पाठ धरते. तयार ब्लाउज ऑनलाइन मिळतो, घागरा भाड्याने मिळतो, आणि गल्लीतल्या दुसऱ्या शिवणवाल्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली दिसतात.

(काउंटर. बिलबुक.)

ब्लाउज न्यायचा दिवस. मोर पूर्ण झालाय, पाठीवर पिसारा, दोरीला लटकन. आई किंमत ऐकते आणि ठरलेलं वाक्य बोलते. अक्का उत्तर देत नाही. ब्लाउज उलटा करते आणि काउंटरवर पसरते. अस्तराची कड, मायेवर हाताने घातलेले टाके, फोडलेल्या मण्यांच्या जागी रिकामे उरलेले दोरे, सगळं आतल्या बाजूला. आई बोटाने एक शिलाई चाचपते, मग दुसरी. पर्स उघडते. पैसे पूर्ण मोजले जातात.

मग त्याच पर्सखालच्या पिशवीतून आणखी एक ब्लाउजपीस निघतो.

(मूळ आवाज:
"अक्का, माझा पण घे की. साधाच."
"लग्न कवा म्हणालात?"
"परवा."
मास्टरांचा हशा आहे, तो कापू नका. अक्का टेप गळ्यातून काढते.)