प्रतिकृतीतले पाणी आणि धरणावरचे पाणी

श्रोतेहो, नमस्कार. धरणाचा सांडवा बांधण्याआधी त्याची लहान प्रतिकृती करून तीवरून पाणी सोडून पाहिले जाते. आपल्याकडे खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात हे काम कित्येक दशके चालू आहे. प्रतिकृती चौसष्टपट लहान असेल, तर पाण्याचा वेग आठपट कमी ठेवावा लागतो, आणि सेकंदाला १,००० घनमीटरचा विसर्ग दाखवायला सेकंदाला जेमतेम ३० लिटर पाणी पुरते. पाण्याच्या हालचालीवर गुरुत्वाकर्षणाची सत्ता चालते, हे यामागचे गृहीतक. म्हणूनच सांडव्यावरची पातळी किंवा विसर्ग यांचे अंदाज प्रत्यक्षाशी चांगले जुळतात.

अडचण येते ती हवेमुळे. वातावरणाचा दाब पाण्याच्या सुमारे १० मीटर उंचीइतका असतो. चौसष्टपट लहान जगात तो १६ सेंटीमीटरच असायला हवा, पण प्रयोगशाळेतही तो १० मीटरच राहतो. त्यामुळे धरणावर वेगवान पाण्यातला दाब इतका घसरतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धरतात आणि पुढे फुटताना काँक्रीट उकरतात, ते साध्या प्रतिकृतीत घडतच नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणात १९८३ च्या पुरात हेच झाले. जलाशय इतका भरला की दरवाजांवर प्लायवूडच्या फळ्या चढवून पाणी थोपवावे लागले. सांडव्याच्या बोगद्यांच्या अस्तरावर साचलेल्या क्षारांच्या किरकोळ उंचवट्यांपाशी बुडबुडे सुरू झाले, आणि डाव्या बोगद्यात सुमारे १० मीटर खोल खड्डा पडला. एवढ्याशा खडबडीतपणाने इतके मोठे काम करावे, हे मला आजही थक्क करते.

दुरुस्तीत बोगद्यांना खाचा ठेवून पाण्यात हवा मिसळण्याची सोय झाली, कारण हवा मिसळलेले पाणी बुडबुड्यांच्या फुटण्याचा मारा सौम्य करते. या खाचांचा आराखडाही प्रतिकृतीवरच तपासला गेला, मात्र १९८४ मध्ये प्रत्यक्ष बोगद्यातून पाणी सोडून त्याची परीक्षा घेण्यात आली. प्रतिकृतीत हवा प्रत्यक्षापेक्षा कमी मिसळते, कारण पाण्याचा पृष्ठभाग ताणून धरणारा पृष्ठताण प्रतिकृतीच्या प्रमाणात लहान करता येत नाही. तेव्हा नव्या सांडव्यांवर दाब आणि हवा मोजणारी यंत्रे बांधतानाच बसवणे माझ्या मते अगत्याचे आहे, कारण मोठा पूर आल्यावर ती बसवायला कोणी उतरू शकत नाही.