डेथ व्हॅलीला निघताय? आधी घाट ठरवा, मग हॉटेल

नमस्कार मंडळी! डिसेंबरची सुट्टी जवळ आली की सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातले मित्र मला हमखास विचारतात, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कला कुठून जायचं? थंडीत जाताय हे उत्तमच. उन्हाळ्यात तिथे पारा पन्नाशीला टेकतो. पण वाळवंट गाठायला मध्ये सिएरा नेवाडाची डोंगररांग ओलांडावी लागते, आणि सगळं अडतं ते तिथे.

[नकाशा]

हा बघा, योसेमिटीतून पलीकडे उतरणारा 120 नंबरचा रस्ता. टायोगा पास, जवळजवळ दहा हजार फूट. ऑक्टोबरमध्ये बेत आखायला बसलात तर हाच रस्ता सोयीचा वाटतो. पण साधारण नोव्हेंबरात तो बंद होतो आणि उघडतो मे-जूनमध्ये. 2023 साली तर जुलै उजाडला. त्याच्या उत्तरेचा सोनोरा पास, तोही बंद. आणि टायोगापासून खाली वॉकर पासपर्यंत, दीडशेहून जास्त मैल, हिवाळ्यात पलीकडे जायला एकही रस्ता नाही.

असं का, हे आपल्याला चटकन कळेल. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि माण-खटावला पोचेपर्यंत ढग रिकामे होतात ना, अगदी तसंच. पॅसिफिकवरून आलेली ओल सिएरा अडवते, तिचा बर्फ होतो. उरलंसुरलं पुढच्या रांगा काढून घेतात, म्हणून डेथ व्हॅलीत वर्षाला जेमतेम दोन इंच पाऊस. ज्या डोंगरांनी ते वाळवंट घडवलं, तेच डोंगर थंडीत आपली वाट अडवतात. मला हे फार विलक्षण वाटतं.

आमच्या पहिल्या खेपेला आई-बाबा सोबत होते. पलीकडे ली व्हायनिंगला खोली घेतली होती, पैसे परत न मिळणारी. निघायच्या आदल्या रात्री टायोगा बंद झाला. मग टाहोकडून वळसा. मुक्कामी पोचलो तेव्हा बसून बसून बाबांचे पाय सुजले होते. तेव्हापासून मी आधी घाट ठरवते, मगच खोली बघते.

माझा रस्ता सांगते. आय-5 महामार्गाने बेकर्सफील्डकडे, तिथून 58 नंबरच्या रस्त्याने टेहाचापीचा घाट चढून मोहावी, मग 14 नंबर, आणि रिजक्रेस्ट, ट्रोना करत डेथ व्हॅलीच्या अलीकडची पनामिंट व्हॅली. आठ-नऊ तास धरा. टेहाचापी चार हजार फुटांच्या आसपास. बर्फ तिथेही पडतो, 58 काही तास बंदही राहतो, पण महिनोन्महिने नाही. या वाटेवर मला जास्त भीती वाटते ती सेंट्रल व्हॅलीतल्या धुक्याची. पहाटे पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसत नाहीत. धुकं विरल्याशिवाय निघू नका, दोन तास उशीर झाला तरी चालेल.

[साखळ्या हातात घेऊन]

आणि या साखळ्या, बर्फात घसरू नये म्हणून टायरवर चढवायच्या. पाकीट पहिल्यांदा बर्फातच फोडू नका, घरासमोर एकदा चढवून बघा. हा आकडा टायरच्या आतल्या बाजूने अडकवायचा असतो, दिसत नाही, चाचपडून लावावा लागतो. बोटं गारठली की ते जमत नाही. रबरी हातमोजे ठेवा, गुडघ्यांखाली टाकायला जुनी चटई ठेवा. रस्त्यावरच्या पाटीवर आर-2 (साखळ्यांच्या सक्तीची एक पातळी) असेल तर फक्त फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह, आणि चारही टायर बर्फाचे असलेली गाडी साखळ्या न चढवता जाऊ शकते. तरी साखळ्या गाडीत लागतातच. गाडी भाड्याची असेल तर करार वाचा, बऱ्याच ठिकाणी साखळ्या लावायला मनाई असते.

खाली पोचल्यावरही रस्ते गृहीत धरू नका. ऑगस्ट 2023 मध्ये हिलरी वादळाने एका दिवसात वर्षभराचा पाऊस ओतला आणि पार्क जवळपास दोन महिने बंद राहिलं. म्हणून निघायच्या सकाळी कॅलट्रान्सचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याचा, क्विकमॅप हा ऑनलाइन नकाशा आणि पार्कच्या वेबसाइटवरची रस्त्यांची यादी, दोन्ही बघा आणि त्यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कारण पनामिंटमध्ये फोनला रेंज मिळेलच असं नाही. गॅसची, म्हणजे पेट्रोलची, टाकी रिजक्रेस्टलाच पूर्ण भरा.