शून्यावर पडण्याची किंमत

मित्रहो, आजचा विषय मुद्दामच मर्यादित ठेवला आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या कुळातल्या, प्रत्येकाने एकेक पात्र वठवायच्या टेबलावरच्या खेळांमध्ये लढाईत पात्राला इजा झाली, तर नियम तिची नोंद कशी ठेवतात आणि त्या नोंदीमुळे खेळणारा काय वेगळे करतो, एवढेच मला पाहायचे आहे. जखमेचा नियम खऱ्या जखमेशी किती जुळतो, यावर आपल्याकडे तासन्‌तास वाद रंगतात. माझ्या मते तो नियम खेळाडूच्या पुढच्या निर्णयावर काय परिणाम करतो, हीच त्याची खरी कसोटी आहे.

या खेळांचा पूर्वज असलेल्या १९७१ च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळात साध्या सैनिकाला एक घाव बसला की तो पटावरून उचलला जाई. मात्र खेळणारा एकाच पात्रात जीव गुंतवू लागला, तेव्हा हा हिशेब चालेना. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे सहनिर्माते डेव्ह अर्नेसन यांनी अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती जहाजांच्या खेळासाठी आधी केलेले नियम वापरले, असे त्यांनीच सांगितले आहे; त्यातून आलेले हिट पॉइंट, म्हणजे प्रत्येक फटक्याने घटणारे आणि शून्यावर आले की पात्र पडते असे गुण, १९७४ मध्ये छापील डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये स्थिरावले. पुढे १९७९ मध्ये दुसरे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांनी स्पष्ट केले की हिट पॉइंट म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे. त्यात कौशल्य, नशीब आणि दैवी कृपाही धरलेली आहे. हा खुलासा चतुर आहे, पण त्याने मूळ अडचण सुटत नाही: एक हिट पॉइंट उरलेला योद्धा पूर्ण ताकदीच्या योद्ध्याइतकीच तलवार चालवतो.

या अडचणीवर इतरांनी त्या खुलाशाच्या आधीच उपाय शोधले होते. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये, जो अंतराळातला खेळ आहे, इजा थेट शक्ती, चपळाई आणि दमातून वजा होते, १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये हात, पाय, डोके यांचे वेगवेगळे गुण असतात. या पद्धतींत घाव खरा वाटतो, हे मान्य. परंतु जखमेने पात्र दुबळे होते, दुबळे झाल्याने ते पुन्हा मार खाते आणि लढाईचा निकाल पहिल्या मोठ्या फटक्यातच लागून जातो. खेळाडू याला ‘डेथ स्पायरल’ म्हणतात, आणि त्यात सापडलेल्या माणसाला उरलेली लढाई नुसती बघत बसावी लागते.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या आवृत्तीने याच्या नेमके उलटे टोक गाठले. तिच्यात १५ कंडिशन, म्हणजे पात्राच्या ठरावीक अवस्था, आहेत; पात्र आंधळे होते, घाबरते, जखडले जाते, आडवे पडते, दगडसुद्धा होते, पण त्यांत ‘जखमी’ अशी साधी अवस्था नाही. याचा परिणाम आकड्यांतून पाहू. समजा, फायटरचे, म्हणजे पुढे उभे राहून लढणाऱ्या योद्ध्याचे, ६ हिट पॉइंट उरले आहेत आणि समोर ओगर हा राक्षस आहे, ज्याच्या सोट्याचा सरासरी फटका १३ चा. क्लेरिकने, म्हणजे मंत्राने जखमा भरणाऱ्या पुजाऱ्याने, आधीच ५ पॉइंट भरून दिले, तर फायटर ११ वर जातो आणि तरीही त्या फटक्याने पडतो. म्हणजे मंत्र वाया गेला. तोच मंत्र क्लेरिकने फायटर पडल्यावर वापरला, तर शून्याखाली गेलेले पॉइंट मोजलेच जात नसल्याने फायटर थेट ५ वर येतो, उठण्यासाठी निम्मी चाल खर्च करतो आणि पूर्ण ताकदीने वार करतो. त्यामुळे सोबत्याला पडू देणे हाच शहाणपणा ठरतो. हुतूतूमध्ये बाद झालेला गडी उठतो तसे हे आहे: तो कितीदा बाद झाला होता, याची नोंद कुठेच राहत नाही.

मला या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर ‘पाथफाइंडर’ या त्याच कुळातल्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सापडते. तेथे शून्यावर पडलेले पात्र ‘डाइंग १’ (मरणोन्मुख) होते, आणि डाइंग ४ म्हणजे मृत्यू. कोणी उपचार केले की ते शुद्धीवर येते, पण ‘वूंडेड १’ (जखमी) ही खूण अंगावर घेऊनच. त्या खुणेने वार कमजोर होत नाही, चाल मंदावत नाही. मात्र ते पात्र पुन्हा पडले तर हा १ नव्या डाइंगमध्ये मिळवला जातो. पहिल्यांदा साध्या फटक्याने पडलेल्याला सावरण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा जास्त हवे असतात, म्हणजे निम्मी संधी. दुसऱ्यांदा तो क्रिटिकल, म्हणजे वर्मी बसलेल्या, फटक्याने पडला, तर अशा फटक्याच्या डाइंग २ मध्ये १ मिळून थेट ३ होतात. आता १३ हवेत, आणि हुकले की खेळ खलास. वजाबाकीऐवजी आलेल्या या टांगत्या तलवारीमुळे खेळाडू स्वतःहून मागे सरकतो, ढाल उचलतो, किंवा आपल्या पार्टीकडे (सोबत्यांकडे) दहा मिनिटांची उसंत मागतो, कारण शांतपणे मलमपट्टी केली तर ती खूण पुसता येते.

कायमच्या इजांच्या तक्त्यांबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण ते मला फारसे पटत नाहीत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकात डोळा, हात किंवा पाय गमावण्याचा ऐच्छिक तक्ता आहे. परंतु राक्षस जेमतेम एका लढाईपुरता जगतो, तर खेळाडूचे पात्र महिनोन्‌महिने; त्यामुळे असा तक्ता कागदावर दोघांना सारखा लागू झाला, तरी प्रत्यक्षात तो एकाच बाजूने वसुली करतो, आणि त्यातही सर्वांच्या पुढे उभ्या राहणाऱ्या बिचाऱ्या फायटरकडून.

डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालवणारे अनेक गेम मास्टर घरचा नियम म्हणून शून्यावर पडणाऱ्याला दर वेळी एक्झॉशनची (दमणुकीची) एक पायरी देतात. २०१४ च्या पुस्तकासोबत हा नियम बरा चालतो, कारण तेथे पहिल्या पायरीचा वार करण्यावर काहीच परिणाम होत नाही आणि तिसऱ्या पायरीला दुखणे सुरू होते. म्हणजे दोन वेळा पडण्याची मुभा आणि त्यानंतरची धास्ती, दोन्ही मिळतात. २०२४ च्या आवृत्तीत मात्र प्रत्येक पायरीला वार, बचाव आणि कौशल्य या सर्व फेकींतून २ वजा होतात, आणि मृत्यूच्या दारातली बचावफेकही, म्हणजे शून्यावर पडलेल्याने जगण्यासाठी टाकायची मृत्यूफेकही, त्यातून सुटत नाही. जुना घरचा नियम जसाच्या तसा नव्या पुस्तकावर चढवला, तर पहिल्याच पडण्यापासून डेथ स्पायरल सुरू होतो. नवे पुस्तक वापरणाऱ्यांनी त्यापेक्षा ‘वूंडेड’सारखी खूण बेतून घ्यावी: दर पडण्यामागे एक, आणि पुढच्या वेळी पडल्यावर तितक्या अपयशी मृत्यूफेकी आधीच मोजलेल्या. तीन अपयशांना मृत्यू असल्यामुळे तिसऱ्यांदा पडणाऱ्याला एकही फेक चुकायची मुभा उरत नाही, आणि क्लेरिक आपला मंत्र आधीच काढू लागतो.